ठोक्यांचा हिशेब

पस्तीस वर्षे बँकेत काढून मी निवृत्त झालो, तेव्हा माझ्या हातून एकही खोटी नोंद झालेली नव्हती. हे मी चारचौघांत जरा अभिमानानेच सांगत असे. ती नोंद त्रेसष्टाव्या वर्षी झाली, आणि तीही घरच्या वहीत.

झाले असे, की निवृत्तीनंतर मी ट्रायथलॉनच्या नादी लागलो. आधी पोहणे, मग सायकल, मग पळणे. सगळे सलग, आणि घड्याळ मधल्या कपडे-बुटांच्या धांदलीतही थांबत नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर या अंतरांनी. पोहणे मी कृष्णेत शिकलो होतो, कॉलेज सायकलवर केले होते. राहता राहिले पळणे, ते सोसायटीच्या आवारात शिकलो. लोक हसले. कादंबरीकाराला लोकांच्या हसण्याची सवय असते.

सौ. मात्र हसली नाही. माझे थोरले बंधू चौपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. तिने आधी मला डॉक्टरांपुढे उभे केले. ट्रेडमिलवरच्या तपासणीत माझे ठोके १६६ पर्यंत गेले, आलेख ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘‘पळा, पण शर्यतीत १४० ही वेस समजा.’’ मी सौ.ला तसा शब्द दिला.

इथे नवख्यांसाठी एक खुलासा. ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्वांना पाठ असते. त्या हिशेबाने माझी कमाल मर्यादा १५७ यायला हवी होती. २००१ साली मांडलेले दुसरे सूत्र, २०८ वजा वयाच्या सात दशांश, मला १६४ देते. प्रत्यक्षात निघाले १६६. सूत्र हे सरासरीचे असते. माणूस दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो. रक्तदाबाची काही औषधे तर ठोके मुळातच खाली दाबून ठेवतात. ती घेणाऱ्याला घड्याळातला कमी आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही. म्हणून चाळिशी ओलांडलेल्याने सूत्रावर विसंबण्यापेक्षा तपासणी करून घ्यावी, हे बरे.

शर्यतीच्या दिवशी पोहणे छान झाले. सायकलवर पाच-सहा किलोमीटर गेलो असेन, तोच मागून आवाज आला, ‘‘काका, साइड!’’ विशीतला मुलगा होता, अगदी अदबीने म्हणाला होता. पण त्या ‘काका’ने घात केला. मी त्याच्या मागे लागलो. घड्याळात १५१ दिसले. मी काय केले असेल? मनगट उलटे फिरवले आणि पायडल मारत राहिलो.

खरी गंमत ही, की त्या वेळी काहीच जड वाटत नव्हते. पहिल्या अर्ध्या तासात शर्यतीचा जोश अंगात असतो, पाय ताजे असतात, आणि दमणूक आकड्याच्या बरीच मागून येते. शरीरात साखरेचा साठा असतो जेमतेम चार-पाचशे ग्रॅम. तो आपला चालू खात्यातला पैसा. चरबी म्हणजे मोठी मुदत ठेव. पण ती हळूहळूच मोडता येते. ठोके चढे ठेवले की शरीर चालू खातेच उपसत सुटते. वाटेत खाऊन भरावे म्हटले, तर तासाला साधारण साठ ग्रॅमच्या पलीकडे बहुतेकांचे पोट स्वीकारत नाही. त्यात घाम. घामाने रक्तातले पाणी कमी होते, त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळते, हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त ढकलले जाते. मग तेच काम करायला ठोके वाढतात. वेग तोच, पण तासाभराने आकडा दहा-पंधराने वर. गोव्यात २०१९ साली मिरामारला पहिल्यांदा ११३ किलोमीटरची अर्ध-आयर्नमॅन शर्यत झाली. तिथल्या समुद्रकाठच्या दमट हवेत हा हिशेब आणखी कडक होतो.

माझे दिवाळे पळण्याच्या तिसऱ्या किलोमीटरला निघाले. पाय ओल्या गोणपाटासारखे झाले. उरलेले सात किलोमीटर मी बहुतेक चाललो. तो मुलगा अर्थातच केव्हाचा पुढे गेला होता.

शेवटच्या रेषेपाशी सौ. उभी होती. ‘‘अहो, किती गेले होते ठोके?’’

‘‘एकशे अडतीस,’’ मी म्हणालो.

घरी आल्यावर तिने माझ्या रक्तदाबाच्या वहीत तो आकडा लिहिला.

माझे म्हणणे एवढेच आहे, की मनगटावरचे यंत्र आपण हौसेने घेतो ते पुढे जाण्यासाठी, आणि त्याचा खरा उपयोग असतो मागे राहण्यासाठी. मार्क ॲलन हा अमेरिकन खेळाडू हवाईची आयर्नमॅन शर्यत सहा वेळा जिंकला. पण त्याआधीच्या सहा प्रयत्नांत त्याच्या पदरी अपयश आले होते. फिल मॅफेटोन यांच्या सल्ल्याने तो सरावात ठोक्यांना वेस घालून पळायला शिकला, म्हणजे आधी आपल्या ऐपतीपेक्षा हळू पळायला शिकला. १९८९ साली त्याने डेव्ह स्कॉटला हरवले ते आठ तासांच्या झुंजीनंतर ५८ सेकंदांनी. जगज्जेत्याला हळू जाण्याची लाज वाटली नाही. आपल्याला मात्र सोसायटीतल्या गटात वेळ टाकायची असते.

तेव्हा नवख्यांनो, पाण्यात गर्दी मागे पडेपर्यंत लांब श्वास सोडा, आकडा पाहूच नका. सायकलची पहिली वीस मिनिटे जाणाऱ्याला जाऊ द्या. बहुतेकांचे ठोके त्याच श्रमात पळण्यापेक्षा सायकलवर पाच-दहाने कमी असतात. तेव्हा पळण्याचा आकडा सायकलवर गाठू नका. चढावर हलका गिअर टाका. पाणी तहानेची वाट न पाहता घोट घोट प्या. पळताना पहिले दोन किलोमीटर मुद्दाम आखडते घ्या. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात काही उरले असेल तर खर्च करा. मनगटावरचे घड्याळ कधी कधी ठोक्यांऐवजी पावलेच मोजते, म्हणून एक जुनी कसोटी हाताशी ठेवा : सरावात एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे. आणि छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा. शर्यती पुढच्या वर्षीही असतात.

पंधरा दिवस त्या १३८ने मला झोप लागू दिली नाही. बँकेत चुकीची नोंद खोडून नाहीशी करत नाहीत. तिच्यावर रेघ मारतात, वर खरा आकडा लिहितात आणि सही करतात. एका सकाळी मी वही काढली. पाहतो तर बाकीच्या सगळ्या नोंदी शाईच्या, आणि १३८ तेवढा पेन्सिलीचा.

‘‘फोनमध्ये दिसतं ते सगळं,’’ सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘‘मी त्याच रात्री बघितलं होतं. म्हटलं, बघू तुम्ही कधी सांगताय.’’

मी रेघ मारली, वर १५१ लिहिले आणि सही केली. पुढच्या शर्यतीला मला मागच्या खेपेपेक्षा सायकलवर सहा मिनिटे जास्त लागली. दहाही किलोमीटर मात्र पळालो. त्या दिवशीचा आकडा १३९. तो शाईने लिहिला आहे.