डॅशबोर्डची गादी

मंडळी, गेल्या पंधरवड्यात सोलापुरात सात रस्त्याला माझ्या दोन दिवस खेपा झाल्या. गावातल्यांना वाटले दवाखान्याचे काही असेल, नाहीतर कोर्टाची तारीख. तसे काही नव्हते. मी गेलो होतो आमच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डची गादी बदलायला. ऐकणारा हसतो. पण शेवटपर्यंत वाचा, मग हसायचे की नाही ते ठरवा.

आमच्याकडे १९७८ सालची पद्मिनी आहे. वडिलांनी उसाच्या बिलातून घेतलेली. वडील गेले, मोट गेली, बैलजोडीही गेली. गाडी मात्र अजून गोठ्याशेजारी उभी आहे आणि पहिल्या दुसऱ्या प्रयत्नात सुरू होते. मुलाने नवी गाडी घेतली तरी पंढरपूरला जाताना म्हातारी मंडळी हिच्यातच बसतात. शिवाय ही गाडी एका अर्थाने सोलापूरचीच म्हणायची. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, त्यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगरही त्यांच्याच नावाचे. गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात होत. आता तो काळ सरला. मुंबईतली काळीपिवळी पद्मिनीसुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. त्यामुळे डॅशबोर्डची तयार गादी दुकानात मिळेल ही आशा सोडायची. जुनीच नीट करायची, नाहीतर कारागिराकडून नवी घडवून घ्यायची.

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या काळ्या रेक्झिनला चैत्रातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या होत्या. भेगेत बोट घातले की आतला फोम ज्वारीच्या पिठासारखा भुरभुर खाली पडे. दोन वर्षांपूर्वी एका बाजारगावी एका कारागिराने सांगितले, "फोम काढून टाकू, प्लायवूडची फळी बसवू, वरून रेक्झिन ताणू. परत काम निघायचं नाही." स्वस्तात झाले, दिसायला नवे झाले. मी खूश.

मग परवाच्या मोहोळच्या बाजाराला निघालो तेव्हा वाटेत शेळी आडवी आली. गाडीला वेग तो कितीसा. पण ब्रेक दाबताच पुढच्या सीटवर उभा असलेला सहा वर्षांचा नातू समोर आपटला. कपाळाला तीन टाके पडले. सूनबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच जास्त लागले. नातवाला पुढे उभा मी केला होता, आणि ती फळीही मीच बसवून घेतली होती.

म्हणून सात रस्ता गाठला. तिथे एका कुशनवाल्या उस्तादांचे नाव कुणीतरी सांगितले होते. त्यांनी डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने टकटक केले आणि माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "मालक, ही गादी बघायसाठी नसती. डोक्यासाठी असती."

गोष्ट साधी आहे. माळवदावरून शहाबादी फरशीवर पडणे वेगळे आणि कडब्याच्या गंजीवर पडणे वेगळे. उंची तीच, वजन तेच. पण गंजी दबत दबत माणसाला थांबवते, फरशी एका क्षणात थांबवते. डॅशबोर्डचा फोम हेच काम करतो. दोन बोटे दबतो आणि तेवढ्यात कपाळ वाचते. पूर्वी मोटारींचे डॅशबोर्ड उघड्या पत्र्याचे असत. अमेरिकेत १९४८ साली टकर नावाच्या गाडीला मुद्दाम मऊ डॅशबोर्ड दिला होता. पुढे १९६६ साली तिथे मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदाच झाला आणि गाडीचा आतला भाग कसा असावा याचेही नियम आले. म्हणजे ही चैन नव्हे.

आता ती खराब का होते? रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्याच्या प्लॅस्टिकमध्ये तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते. तो पदार्थ हळूहळू उडून जातो आणि काचेच्या आतून चिकट धुके धरते, ते त्याचेच. रेक्झिन आखडते, ताठ होते, तडकते. भेगेतून ऊन आणि दमट हवा आत शिरली की फोमचे पीठ होते.

उस्तादांनी काम कसे केले ते क्रमाने सांगतो. तुमच्या गाडीचे करायचे झाले तर समोर बसून करून घ्या.

आधी बॅटरीची वायर काढली. मग मुलाने प्रत्येक स्क्रूचे आणि वायरीचे मोबाइलवर फोटो काढले. स्क्रू एका डब्यात ठेवले. जुने रेक्झिन फाडून फेकले नाही. शिवण उसवून तुकडे सपाट पसरले आणि त्यावरूनच नवे बेतले. ब्लाउज जुन्या मापावरून बेततात तसे.

फळी काढल्यावर खाली पत्र्याला गंज निघाला. तो पॉलिशपेपरने घासून वर रेड ऑक्साइडचा हात दिला आणि रात्रभर वाळू दिला. पहिला दिवस त्यातच गेला. जुना फोम खरवडताना उस्तादांनी तोंडाला रुमाल बांधला होता, कारण ती भुकटी छातीत जाते.

दुसऱ्या दिवशी फोम. गादीतला लिबलिबीत स्पंज चालत नाही; तो एका दाबात तळाला टेकतो. खाली घट्ट फोमचा थर आणि वर पातळ मऊ थर, असे दोन थर दिले. मी विचारले, थर्माकोल का नको? उस्तादांनी एका तुकड्यावर सोल्युशनचा थेंब टाकला. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडला. फक्त लहान भेग असेल तर ती लवचीक भरणीने बुजवता येते. पण दगडासारखी होणारी लांबी भरू नये, ती शेजारी पुन्हा तडकते.

सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच दाबायचे. घाईने ओले चिकटवले तर फुगा धरतो. एकदा चिकटले की सरकत नाही, म्हणून मधून कडेकडे हात फिरवत जायचे. दारे उघडी ठेवायची आणि जवळपास विडी पेटवायची नाही. त्याची वाफ पेट घेते. रेक्झिन थोडे उन्हात ठेवून मऊ केले, मग ते वळणावर बिनचुणीचे बसले. रंग काळा, पण बिनचकाकीचा घेतला. चकाकणाऱ्या रेक्झिनचे प्रतिबिंब काचेत पडते आणि समोरचा रस्ता दिसत नाही. काचेकडे हवा सोडणाऱ्या फटी मोकळ्या ठेवल्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्या नव्या गाडीच्या डॅशबोर्डात एअरबॅग आहे, तिच्यावर असे काही चढवू नका. बॅग उघडायला अडथळा होईल. ते काम कंपनीच्या कारागिराचे. आणि दुसरी, उस्ताद निघताना म्हणाले ती: "गादी नंतर, पट्टा आधी. आन् पोरगं मागं." जुन्या गाडीला पट्टे बसवता येतात, पण पत्र्याला नुसते भोक पाडून नव्हे, आतून जाड लोखंडी पट्टीचा आधार देऊन. तेही करून घेतले.

खर्च मागच्या कामाच्या तिप्पट आला. पण मागचे काम स्वस्त होते असे आता मी म्हणणार नाही.

गादी टिकवायला फार काही लागत नाही. गाडी लिंबाच्या सावलीत लावा. उभी असताना डॅशबोर्डवर जुनी सोलापुरी चादर टाका, चालवताना काढा. ओल्या फडक्याने पुसा. खोबरेल किंवा डिझेल चोळू नका. चार दिवस चमक दिसते आणि नंतर धूळ बसते.

घरी आल्यावर नातवाने गादीत बोट रुतवून पाहिले. "आजोबा, आता लागणार नाही ना?" मी म्हटले, "लागू नये म्हणून तू मागे बसायचं." तो मागे जाऊन बसला. सूनबाईंनी कपाटातून चादर आणली, डॅशबोर्डवर पसरली आणि पहिल्यांदा बोलल्या, "मामंजी, रविवारी पंढरपूरला याच गाडीने जाऊ."

पुढच्या खेपेला ट्रॅक्टरच्या सीटविषयी. कंबरदुखीची निम्मी गोष्ट तिथेच आहे.