गावातली बँक तीच, सिस्टीम नवी: ग्रामीण बँका एक झाल्या की खातेदाराचं काय होतं?

हिंगोली जिल्ह्यात नरसी नामदेव आहे आणि नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात नुसतं नरसी. पहिलं कयाधूकाठचं, संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून वारकऱ्यांना माहीत असलेलं. दुसरं नांदेड-देगलूर रस्त्यावरचं. एसटीचा कंडक्टर "कुठलं नरसी?" असं विचारतो आणि तिकीट देतो. कॉम्प्युटर असं विचारत नाही. त्याला गावाचं नाव नाही, कोड लागतो. त्यात कुठे 'नरसी' लिहितात, कुठे 'नर्सी'. माणसाला दोन्ही एकच वाटतात, सिस्टीमला ती दोन वेगळी गावं वाटू शकतात.

म्हणूनच मोठ्या संस्था सगळीकडे एकच सिस्टीम, एकच कोड आणि एकच मदत केंद्र ठेवण्याचा प्रयत्न करतात. अनेक देशांत पसरलेल्या कंपन्या हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. आता हेच ग्रामीण बँकांमध्ये घडतंय. त्यामुळे हा विषय आयटी पार्कपुरता राहिलेला नाही.

नेमकं काय बदललं?

१ मे २०२५ पासून देशात 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' हे धोरण लागू झालं. २६ ग्रामीण बँकांचं विलीनीकरण झालं आणि देशातल्या ग्रामीण बँकांची संख्या ४३ वरून २८ वर आली. महाराष्ट्रात महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एकत्र आल्या. नव्या बँकेचं नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक हेच राहिलं आणि प्रायोजक बँक आहे बँक ऑफ महाराष्ट्र.

हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या लोकांना असा बदल नवा नाही. इथली जुनी मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्येच महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली. तरी अनेकांच्या तोंडी अजून 'मराठवाडा ग्रामीण'च आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँकही २०१३ मध्ये दोन बँका जोडूनच तयार झाली होती. म्हणजे आज जी एक बँक दिसते, तिच्या पोटात अनेक जुन्या बँकांची खाती, फॉर्म आणि सवयी आहेत.

पाटी बदलणं सोपं, सिस्टीम बदलणं का अवघड?

बँकेचा सगळा हिशेब 'कोअर बँकिंग' नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. पूर्वी खातं शाखेच्या लेजरमध्ये असायचं. आता ते मध्यवर्ती डेटा सेंटरमध्ये असतं आणि शाखा ही त्यात डोकावण्याची एक खिडकी असते. ग्रामीण बँका या कामासाठी बहुतांशी आपल्या प्रायोजक बँकेच्या तांत्रिक व्यवस्थेचा आधार घेतात.

अडचण इथेच आहे. बँक ऑफ महाराष्ट्रचं कोअर बँकिंग टीसीएसच्या 'बँक्स' या सॉफ्टवेअरवर चालतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेची प्रायोजक असलेली बँक ऑफ इंडिया मात्र इन्फोसिसचं 'फिनॅकल' वापरते. दोन्ही सॉफ्टवेअर भारतीय आणि नावाजलेली आहेत. पण खाते क्रमांकाची रचना, कर्जाचे प्रकार, व्याज मोजण्याची पद्धत, नाव लिहिण्याचे रकाने हे सगळं दोघांत वेगळं असतं. एका घरातलं सामान दुसऱ्या घरात हलवलं आणि तिथल्या फडताळांचे कप्पेच वेगळ्या मापाचे निघाले, तर जे होईल तेच इथे होतं.

त्यात आधारवर येणाऱ्या पैशांची भर. नरेगाची मजुरी किंवा सरकारी योजनेचा हप्ता आधार क्रमांकावर पाठवला जातो, तेव्हा तो कोणत्या बँकेकडे न्यायचा हे एनपीसीआय या संस्थेच्या यादीवरून ठरतं. त्या यादीत आधार क्रमांकासमोर खाते क्रमांक नसतो, फक्त बँकेची ओळख असते. पुढे कोणत्या खात्यात जमा करायचं, हे त्या बँकेच्या सिस्टीमला माहीत असावं लागतं. बँकेची ओळख किंवा खात्याशी असलेली आधारची जोडणी स्थलांतरात सुटली, तर पैसे परत जातात. सरकारच्या नोंदीत 'पाठवले', खात्यात 'आले नाहीत' आणि चूक नेमकी कुठे झाली हे शाखेतल्या माणसालाही दिसत नाही.

मराठवाड्याने हे आधी पाहिलं आहे

स्टेट बँक ऑफ हैदराबाद ही मराठवाड्याची जुनी बँक. निजामाच्या काळात १९४१ मध्ये स्थापन झालेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी इतर चार सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँकेसह स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली.

इथे एक मोठा फायदा होता. स्टेट बँक आणि तिच्या सहयोगी बँका आधीपासूनच 'बँक्स' हेच सॉफ्टवेअर वापरत होत्या. म्हणजे घरं वेगळी असली तरी कप्पे एका मापाचे होते. तरीही खातेदारापर्यंत बदल पोहोचायला वेळ लागला. जुनी चेकबुकं चालण्याची मुदत आधी ३० सप्टेंबर २०१७ होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. शाखांचे आयएफएससी कोड बदलले. घरातल्या पेटीत ठेवलेलं चेकबुक, हप्त्यासाठी दिलेले पुढच्या तारखांचे चेक, दुकानदाराच्या वहीत लिहिलेला कोड या गोष्टी एका रात्रीत बदलत नाहीत.

सॉफ्टवेअर एक असतानाही इतका वेळ लागत असेल, तर सॉफ्टवेअर वेगळं असताना जास्त तयारी हवी हे उघड आहे.

घाई केली की काय होतं?

याचं ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. स्पेनच्या सबादेल या बँकेने २०१५ मध्ये ब्रिटनमधली टीएसबी बँक विकत घेतली. टीएसबी तेव्हा जुन्या मालकाची, म्हणजे लॉइड्स बँकेची सिस्टीम भाड्याने वापरत होती. सबादेलने ठरवलं की आपल्याच सिस्टीमवर आधारलेली व्यवस्था तिथे आणायची. भाडं वाचेल आणि सगळं आपल्या हातात राहील.

एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी ग्राहकांचा डेटा हलवला गेला. टीएसबीचे ग्राहक सुमारे ५२ लाख होते आणि त्यांतल्या बहुतेकांना टप्प्याटप्प्याने न हलवता एकदमच नव्या सिस्टीमवर नेलं. डेटा नीट पोहोचला, पण नवी सिस्टीम भार पेलू शकली नाही. सुमारे १९ लाख लोकांना ऑनलाइन खातं उघडता येईना. शाखांमधलं कामही अडलं. कारभार पूर्णपणे सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. वर्षभरात सव्वादोन लाखांहून जास्त तक्रारी आल्या, बँकेच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं आणि २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

यातून दिसतं ते असं: डेटा हलवला म्हणजे काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी झाल्यावर ती सिस्टीम टिकते का आणि फोन उचलायला माणसं आहेत का, यावर यश ठरतं.

सगळं एकाच ठिकाणी असण्याचा धोका

एकच सिस्टीम ठेवली की सुरक्षा, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांचा खर्च वाटला जातो. लहान बँकेला स्वतःच्या बळावर चांगली सायबर सुरक्षा परवडत नाही, त्यामुळे हा फायदा खरा आहे. पण बिघाडही वाटला जातो.

३१ जुलै २०२४ ला हे भारतातच दिसलं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी अनेक सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं तोडलं. बातम्यांनुसार सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार त्यामुळे अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. त्या बँकांच्या शाखांमध्ये कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. त्यांचा फक्त पुरवठादार एक होता.

अडलं तर विचारायचं कुणाला?

सिस्टीम एक करताना मदतही एक केली जाते. शाखेने तक्रार नोंदवायची, तिला नंबर मिळणार, ती आधी क्षेत्रीय कार्यालय किंवा हेल्पडेस्ककडे, मग मुख्यालयाच्या आयटी विभागाकडे आणि शेवटी सॉफ्टवेअर कंपनीकडे जाणार. याचे फायदे आहेत. एका शाखेत सापडलेली चूक सगळ्या शाखांसाठी एकदाच सुधारता येते. प्रत्येक तक्रारीची नोंद राहते. ओळखीच्या माणसाचं काम आधी, हा प्रकार कमी होतो.

पण काही गोष्टी हातच्या जातात. लेजरच्या काळात मॅनेजर खातेदाराला ओळखायचा आणि नावातली चूक कागद पाहून दुरुस्त करू शकायचा. आता त्याच्या लॉगिनला ते अधिकार असतीलच असं नाही. शिवाय अशा यंत्रणेत ज्या बिघाडाने हजारो खाती अडतात त्याला आधी हात घातला जातो. तेही बरोबरच. मात्र नरसी नामदेवसारख्या गावातल्या एका म्हातारीचा अडकलेला निराधार योजनेचा हप्ता या रांगेत आपोआप मागे पडतो. मुख्यालयासाठी तो एक तक्रार क्रमांक असतो, तिच्यासाठी महिन्याचं किराणा सामान.

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात हळद विकणाऱ्या शेतकऱ्याचंही तसंच. व्यापाऱ्याने जुन्या कोडवर पैसे पाठवले आणि तो कोड बंद झालेला असेल, तर रक्कम पाठवणाऱ्याकडे परत जाते. पैसे बुडत नाहीत, पण पेरणीच्या तोंडावर आठ दिवसही महाग पडतात.

खातेदाराने काय करावं?

नवं पासबुक भरून घेऊन नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी तपासून घ्यावा. आधार खात्याला जोडलेलं आहे का, हे शाखेत विचारावं. हळद, सोयाबीन घेणाऱ्या व्यापाऱ्याला आणि पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला नवा कोड द्यावा. तक्रार केली तर तिचा क्रमांक लिहून घ्यावा. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बँकेने ३० दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ग्रामीण बँकाही त्याच्या कक्षेत येतात. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

बँकेकडून मागायची गोष्ट एवढीच: प्रत्येक शाखेच्या भिंतीवर मराठीत एक कागद. जुना कोड कधीपर्यंत चालेल, सिस्टीम कोणत्या दिवशी बंद राहील, कोणती दुरुस्ती शाखेतच होईल, कोणती वर जाईल आणि किती दिवसांत होईल. सॉफ्टवेअर कुणाचं आहे याच्याशी खातेदाराला देणंघेणं नाही. हे चार मुद्दे भिंतीवर नसतील, तर बँकांचं विलीनीकरण झालं असलं तरी खातेदाराचं काम अजून बाकी आहे.