बंदुकीचा वारस शिकणार कुठे?

गेल्या दोन महिन्यांत वाचकांची जी पत्रे आली, त्यांत हस्ताक्षरे वेगळी पण तक्रार एकच आहे. परवानाधारक सत्तरी ओलांडून गेला. एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे बोलतात, रात्री माळ्यावर चढवत नाही. मुलगा किंवा पुतण्या मुंबई सोडून शेती करायला परत आला आहे. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे वारसाच्या नावाने रीतसर अर्ज केला, आणि तो अर्ज प्रशिक्षणाच्या दाखल्यापाशी येऊन अडला. वेंगुर्ल्याहून हेच, राजापूरहून हेच, दोडामार्गहून हेच.

नियम २५ आपल्या सर्वांना पाठ आहे. धारकाला सत्तर वर्षे पूर्ण झाली किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांतले जे आधी घडेल त्यानंतर त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना देता येतो. पिढ्यान्पिढ्या घरात असलेल्या ठासणीच्या बंदुकीसाठी ही तरतूद मोलाची आहे. पण त्याच नियमांतला नियम १० अर्जदाराकडून शस्त्र व दारूगोळा सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा दाखला मागतो, नमुना एस-१. मागणी चूक नाही. बंदूक हाती घेणाऱ्याला ती हाताळता आलीच पाहिजे, असे हे मासिक पहिल्या अंकापासून सांगत आले आहे. प्रश्न एवढाच आहे की शेतसंरक्षणाच्या परवान्याचा वारस हे शिकणार कुठे?

घरचाच अनुभव सांगतो. पुतण्या सव्वीस वर्षांचा. थोरल्या भावाच्या बंदुकीसाठी त्याचा अर्ज वैशाखात दिला. पहिल्या फेरीला टेबलावरच्या साहेबांनी विचारले, ‘‘एस-१ कुठे आहे?’’ कुणाकडून घ्यायचा, असे आम्ही विचारले. ‘‘मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडून.’’ ते कोण? त्यांनी एक फाइल उघडली, मिटली, आणि यादी आलेली नसल्याचे सांगितले. तिसऱ्या फेरीला माणूस बदलला होता. त्याने पुतण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारले, ‘‘याला बंदूक धरता तरी येते का?’’ भाऊ म्हणाला, मी शिकवतो, तुमच्या समोर शिकवतो. त्यावर लगेच, ‘‘परवाना नसताना त्याच्या हातात दिलीत तर कलम २५ लागेल, दोघांनाही.’’ म्हणजे शस्त्र नियमांतला २५ वारसाला बंदूक देतो आणि शस्त्र अधिनियमातला २५ त्याने तिला हात लावला तर गजाआड पाठवतो. पाचव्या फेरीनंतर पुतण्या म्हणाला, ‘‘काका, राहू दे. तार लावू या.’’

या वाक्याने झोप उडाली.

कोकणात तार लावणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. रात्री कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडायची नाहीतर डुकराच्या वाटेवर फासकी लावायची. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, कमरेत तार रुतलेला बिबट्या दिवसभर ओरडत राहतो. तारेत शेजाऱ्याची म्हैस जाते, कधी पहाटे पाणी बघायला निघालेला माणूसच जातो. तार समोर कोण आहे ते बघत नाही. परवान्याची बंदूक बघते, कारण तिच्यामागे नाव, पत्ता आणि जबाबदारी असलेला माणूस बसलेला असतो. तरुणांसाठी कायदेशीर वाट पाच फेऱ्यांत बंद करणाऱ्या कार्यालयाने बेकायदा वाट उघडी ठेवली आहे, हे वरच्या अधिकाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवे. आम्ही सांगतो आहोत.

कायद्याला शिकाऊ माणूस ठाऊक नाही असेही नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ९ एकवीस वर्षांखालच्यांना बंदुकीपासून दूर ठेवते, पण त्याच कलमाचे पोटकलम २ प्रशिक्षणापुरता दरवाजा उघडते. त्या दरवाजाने रायफल क्लबातली मुले आत जातात. राष्ट्रीय छात्र सेनेतल्या शाळकरी मुलांच्याही हातात .२२ रायफल येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा आम्हालाही भरून आले. खेळाडूसाठी क्लब आहे, रेंज आहे, उस्ताद आहे. भातशेती राखणाऱ्या पोराला यांतले काहीच नाही, आणि भरपावसात, काळोखात, तीस पावलांवरच्या डुकरासमोर बंदूक धरायची असते ती त्यालाच.

आम्ही शिकलो ते काकांच्या पाठीमागे बसून. त्यांच्या गजावर सुरीने पाडलेल्या दोन खाचा होत्या. नळीत गज सोडायचा. वरची खाच तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, गज वर राहून खालची खाच तोंडाशी राहिली तर भरलेली. घरात शिरताना, माळ्यावर चढताना, उतरताना, प्रत्येक वेळी गज, आणि तोसुद्धा तोंड नळीवर न आणता. टोपी वाजली आणि बार उडाला नाही तर नळी समोरच ठेवून वाट बघायची, कारण ओलसर दारू उशिरा पेटते. पहिले सबंध भात त्यांनी आम्हाला बंदुकीला हात लावू दिला नाही. एका रात्री डुक्कर अगदी समोर आले, बांधाला लागून उभे राहिले, आणि काकांनी बार काढलाच नाही. आम्ही कुजबुजलो तेव्हा म्हणाले, ‘‘दिसता म्हणान बार काढू नको. तेच्या मागे काय आसा, तां आधी बघ.’’ मागे उतारावर धनगराचा गोठा होता. हे कुठल्या दाखल्यात मिळत नाही, पण दाखला देणाऱ्याने हेच शिकवले पाहिजे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००९ मध्ये अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुलांनी शिकार करायची तरतूद केली. तेव्हाची अट अशी होती की दोघांत मिळून एकच हत्यार, आणि शिकाऊ नेहमी गुरूच्या हाताच्या अंतरावर. वयाची अट दहा वर्षांची होती. पुढे २०१७ मध्ये वयाची अट काढली, एका हत्याराचीही काढली. तिकडची शिकार हौसेची आणि मांसाची, आपली पीक राखण्याची, त्यामुळे वयाबाबत त्यांचे अनुकरण आपल्याला नको. शाळकरी पोराला रात्रीच्या राखणीत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण दोघांत एक बंदूक आणि हाताचे अंतर, ही २००९ ची अट आपल्याकडे जशीच्या तशी आणावी. आमचे काका तेच करत होते.

म्हणून मागणी अशी. अठरा पूर्ण केलेल्या वारसाला धारकासोबत दोन हंगाम शिकाऊ म्हणून बसण्याची लेखी मुभा द्या. त्याची नोंद पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत ठेवा. दोन हंगामांनंतर तालुक्याच्या ठिकाणी परीक्षा घ्या. प्रत्येक तालुक्यात निवृत्त सैनिक आहेत, त्यांतल्या अनुभवी हवालदार-सुभेदारांना प्रशिक्षक म्हणून मान्यता द्या. हे पोलीस खात्याचे आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे काम आहे. वनखात्याने वन्यजीव कायद्याचा तास घ्यावा, कारण कलम ११ खालची लेखी परवानगी हाती नसताना उडालेला बार हा गुन्हाच ठरतो. केरळने २०२२ मध्ये रानडुकराबाबतची परवानगी स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली नेली. इथे आम्ही वारसाचे शिक्षण तालुक्यापर्यंत आणा एवढेच म्हणतो आहोत.

आचारसंहितेचा मुद्दा पत्रांत पुन्हा पुन्हा आला आहे, तोही नोंदवतो. २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. ज्यांच्या बंदुका तेव्हा ठाण्यात गेल्या, त्यांचे भात शेतात उभे होते. कुणाचे शस्त्र जमा करायचे, हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. तिच्यापुढे शेतसंरक्षणाची बाजू मांडायला आपल्यातले किती जण गेले?

आता सदस्यांना दोन शब्द, आणि ते कडक आहेत. आपल्यातले काही जण शेतसंरक्षणाचा परवाना खिशात घालून सशाच्या आणि भेकराच्या मागे फिरतात. काहींना डुक्कर मारल्यावर पंचनाम्याची आठवण राहत नाही. परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता असते, ते वाट्यांत वाटून खायचे नसते. तुमच्या एका रात्रीच्या रश्श्यापायी गावातल्या दहा प्रामाणिक वारसांचे अर्ज संशयाने बघितले जातात. अशांच्या बाजूने हे मासिक एक ओळही लिहिणार नाही. आणि जे प्रामाणिक आहेत, त्यांनी तरी काय केले? सत्तरी आली तरी वारसाचे नाव सुचवलेले नाही, पाच वर्षांच्या नूतनीकरणाची तारीख उलटली तरी कपाट उघडलेले नाही.

बंदूक हातात न देताही निम्मे शिक्षण होते, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पोराला आज संध्याकाळी बांधावर घेऊन जा. डुकराने उकरलेली जागा आणि गव्याच्या खुराचा ठसा वेगळा ओळखायला शिकवा, आणि गवा किंवा हत्ती आला तर बंदुकीचा प्रश्नच नाही, वनखात्याला फोन करायचा, हे त्याच्या मनावर ठसवा. वारा कुठून आहे, कुठल्या बांधामागे कुणाचे घर आहे, कुठली पायवाट पहाटे चालती असते, हे त्याच्याकडून तोंडपाठ म्हणवून घ्या. तुम्ही बंदूक साफ करता तेव्हा त्याला समोर बसवा आणि नुसते बघू द्या.

आणि एक काम भातकापणीआधी करा. धारकाचे वय, वारसाचे वय, अर्जाची तारीख, किती फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला काय उत्तर मिळाले, एवढे एका कागदावर लिहून आमच्याकडे पाठवा. उत्तर लेखी मिळाले असेल तर त्याची प्रत जोडा. तोंडी मिळाले असेल तर दिवस आणि वेळ लिहा. तालुकावार गठ्ठे बांधून आम्ही ते स्वतः जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू. त्या दिवशी पुतण्याही आमच्यासोबत असेल.