पाळणाघराचा डबा आणि पात्रविचार

अलीकडे काही व्यवसायबंधू पाळणाघरात जाणाऱ्या बालकांसाठी तांब्या-पितळेच्या डब्यांची शिफारस करू लागले आहेत. आम्हांस ती शास्त्रसंमत वाटत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४६व्या अध्यायात द्रव्यागणिक पात्रे सांगितली आहेत. घृतास लोहपात्र, सुशृत दुग्धास ताम्रपात्र; मात्र कट्वर, खड अशा आम्ल कल्पनांस पाषाणपात्र. वाग्भटाचार्यांनी तर कांस्यपात्रात दहा दिवस राहिलेले घृतही विरुद्ध मानले. अर्थात केवळ धातू नव्हे, संयोग आणि कालही पाहावयाचा आहे.

तुर्भे येथील औद्योगिक पट्ट्यात पाळी सांभाळणारी माता सकाळी सातला डबा भरते. बालकापुढे तो साडेबाराला उघडतो. दहीभात, लिंबू पिळलेले पोहे वा टोमॅटोची भाजी एवढा वेळ उघड्या तांब्यापितळेत राहिल्यास ताम्रांश अन्नात उतरतो. हृल्लास, छर्दी, उदरशूल संभवतात. कल्हई हा उपाय खरा, पण कल्हईवाला आता शोधावा लागतो!

प्लास्टिकचा डबा हलका व स्वस्त. परंतु पुष्कळदा तोच मायक्रोवेव्हमध्ये तापविला जातो. कठीण, पारदर्शक पॉलिकार्बोनेटमधून उतरणाऱ्या बिस्फेनॉल-एवर युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नसंपर्कापुरती बंदी स्वीकारली, हे पालकांस सांगावे. काच निर्दोष, पण तीन वर्षांच्या बालकाहाती कशी द्यावी?

आमच्या मते स्टेनलेस स्टीलचा साधा डबा पुरेसा आहे. त्याची रबरी कडी काढून धुता यावी. वाफ जिरल्यावरच झाकण लावावे. खाडीकाठच्या दमट हवेत कोंडलेल्या बाष्पाने अन्न लवकर आंबते. आणि झाकण बालकास स्वतः उघडता यावे, अन्यथा पथ्यकर अन्नही तसेच घरी परतते.