मालगाडीला थंडी वाजते तेव्हा

दोस्तांनो, कुकरची रबरी रिंग जुनी होऊन कडक झाली की काय होतं, ते घरी विचारा. वाफ कडेने फुसफुस निघून जाते आणि शिट्टी काही होत नाही! आजची गोष्ट अशाच रबराची आहे. फक्त कुकरच्या जागी आहे कॅनडातली मालगाडी.

कॅनडाच्या पश्चिमेला रॉकी पर्वत आहे. हिवाळ्यात तिथे पारा उणे २५ अंशांच्याही खाली उतरतो. आपल्या फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ असतं, म्हणजे बघा! अशा थंडीत मालगाडीच्या ड्रायव्हरला काळजी कशाची? बर्फाची असतेच. ब्रेकचे गुटके आणि चाकं यांच्यामध्ये बर्फ धरू नये म्हणून तो मधूनमधून हलकेच ब्रेक लावून गुटके तापवत राहतो. पण त्याहून मोठी काळजी असते हवेची.

कारण मालगाडीचा ब्रेक चालतो हवेवर. इंजिनात दाबून भरलेली हवा एका नळीतून शेवटच्या वाघिणीपर्यंत जाते. (मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, ठाऊक आहे ना?) प्रत्येक वाघिणीखाली हवेची टाकी असते. आता गंमत ऐका. नळीतला दाब वाढला की ब्रेक सुटतो आणि कमी झाला की लागतो! दाब उतरला की टाकीतली हवा गुटके चाकांवर दाबून धरते. गाडी मधेच तुटली, तर नळीतली हवा निघून जाते आणि दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतो. ही युक्ती १८७२ सालची, जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाची.

पण दोन वाघिणींच्या नळ्या जिथे जोडतात, तिथे असते रबराची कडी. कडाक्याच्या थंडीत ती कडक होते आणि हवा गळू लागते. शंभर वाघिणी म्हणजे जवळजवळ शंभर सांधे! इंजिन हवा भरतंय आणि वाटेत ती गळतेय. शेपटापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. म्हणून पारा उणे २५ च्या खाली गेला की तिथे गाड्याच आखूड करतात.

आणि गाडी उतारावर उभी असली तर? गुटके दाबून धरणारी हवाही हळूहळू गळतेच की!

२०१९ च्या फेब्रुवारीत फील्ड या गावाजवळच्या घाटात हेच घडलं. धान्याने भरलेल्या ११२ वाघिणींची गाडी वेग आवरेना, म्हणून ड्रायव्हरने आणीबाणीचा ब्रेक लावून थांबवली. उणे २८ अंशांत ती जवळजवळ तीन तास उभी होती. हातब्रेक लावले नव्हते. मध्यरात्रीनंतर नवे तीन कर्मचारी चढले आणि थोड्याच वेळात गाडी आपोआप सुटली. तिने ताशी ८५ किलोमीटरचा वेग गाठला आणि ती रुळांवरून घसरली. तिघेही गेले.

त्यांनी गाडी हलवलीच नव्हती, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर काही दिवसांतच सरकारचा हुकूम निघाला. डोंगरउतारावर आणीबाणीचा ब्रेक लावून गाडी थांबली, तर हातब्रेक लावलेच पाहिजेत. हातब्रेक म्हणजे वाघिणीवरचं एक लोखंडी चाक, ते हाताने फिरवून आवळायचं. त्याला हवा लागत नाही. मग एका वाघिणीकडून दुसरीकडे, अंधारात, बर्फ तुडवत जायचं.

आपल्याकडच्या वाघिणींनाही असं चाक असतं, बरं का! पुढच्या वेळी फलाटावरून उभी मालगाडी दिसली, तर लांबूनच शोधा.