हळद, बशी आणि माणूस

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड-पुसदकडे हळद शिजू लागली, की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, हळदीने कॅन्सर बरा होतो ना?" माझे उत्तर मुलांना आवडत नाही.

हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याने यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हे खरे. पण त्या पेशी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढविलेल्या असतात आणि द्रव्य थेट त्यांच्यावर पडते. पोटात घेतलेले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. जे शोषले जाते त्याचेही आतडे व यकृत लगेच रूपांतर करून टाकतात. काही चाचण्यांत रोग्यांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिले, तरी रक्तात ते नाममात्रच आढळले. हळदीत ते असते सुमारे ३ टक्के. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद! (गणित करून पाहा.)

वनस्पतींतून औषध मिळतच नाही, असे नव्हे. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातील कॅम्प्टोथेसिन जगापुढे आणले. आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही ते सापडते. रोग्यांना मात्र ते फार विषारी ठरले. त्याच्या रेणूत फेरफार करून बनविलेली औषधे अमेरिकेत मान्य झाली १९९६ साली. तीस वर्षे लागली!

तेव्हा रोग्याने उपचार सोडून हळदीच्या गोळ्या घ्याव्यात, हे मला मुळीच मान्य नाही. अशा गोळ्यांनी काहींच्या यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी. ती खुशाल खावी.