विश्लेषण : ब्युटी थेरपिस्ट व्हायचंय? आयटीआय, आरसेटी की खासगी क्लास?

ब्युटी थेरपिस्ट होऊ पाहणाऱ्या कोल्हापूरच्या मुलींसमोर मुख्यतः तीन पर्याय असतात. फीची चौकशी सगळेच करतात. पण खरा फरक हाती पडणाऱ्या प्रमाणपत्रात आहे.

आयटीआयचा फायदा काय?
‘कॉस्मेटॉलॉजी’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. अखिल भारतीय परीक्षेनंतर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते.

आरसेटी कोणासाठी?
ही बँकांची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रे. कोल्हापुरात बँक ऑफ इंडियाची स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. आरसेटीचा ब्युटी पार्लरचा अभ्यासक्रम साधारण महिनाभराचा आणि मोफत असतो. पुढे कर्जासाठीही पाठपुरावा होतो. मात्र महिनाभरात पाया तयार होतो, हात बसायला सराव लागतोच.

खासगी क्लासमध्ये काय तपासावे?
वेळ सोयीची मिळते. पण कागदावर ‘डिप्लोमा’ छापला म्हणजे सरकारी मान्यता मिळाली, असे नाही. प्रमाणपत्र कोण देणार, ती संस्था ‘एनसीव्हीईटी’मान्य आहे का, हे फी भरण्याआधी विचारावे. प्रात्यक्षिक किती, पॅच टेस्ट व साधनांचे निर्जंतुकीकरण शिकवतात का, हेही पाहावे. चुकीच्या केमिकलने ग्राहकाची त्वचा भाजू शकते.

मग निवड कशी करावी?
गावातच पार्लर काढायचे तर आरसेटीपासून सुरुवात करता येईल. पुण्या-मुंबईत नोकरी हवी असेल, तर आयटीआयचे एक वर्ष वाया जाणार नाही.